कागदात गुंडाळलेली बाटली

१२ जानेवारी, रविवार

सोनियाने चार बाटल्या ओट्यावर रांगेने लावल्या, लेबलं माझ्याकडे करून, आणि लगेच पर्स उचलली. चहा अर्धाच प्यायली. ही माझी भाची, हंबीरची मुलगी, आठ वर्षं ॲडलेडला राहते, पण चोरी केल्यासारखं खाली बघून बोलायची सवय आष्ट्याचीच.

तीन बाटल्या ऑस्ट्रेलियाच्या. ती आणि जावई येताना सामानातून घेऊन आले. तिन्ही लाल, तिन्ही दांडग्या — तिकडे याला बोल्ड म्हणतात. चौथी वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली. ती हंबीरची. माझ्या धाकट्या भावाच्या मळ्यातल्या द्राक्षांची, शेवटच्या तोडणीची, शेवटची बाटली.

"आबा म्हणालेत, ओळीनंच घ्या. आधी या तीन, मग आपली. आणि प्रत्येकीचं त्यांना फोनवर सांगा."

"रोज एक?"

"घाई नाही म्हणालेत."

घाई नाही म्हणे. महिन्याभरात ज्याचे सगळे सदरे दुसऱ्या कुणाचे वाटायला लागलेत, त्याला घाई नाही.

१३ जानेवारी

हे मिरजेला ठरलं, डिसेंबरात. हंबीरच्या गळ्याला किरणं देऊन झाली आणि त्याच्या जिभेची चव गेली. डॉक्टर म्हणतात, येईल. म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. वॉर्डात मी त्याला वरण भरवत होते.

"आक्का, ह्ये वरण हाय का पानी, मला कळंना झालंय. आपली वाइन बी तशीच लागती. पानी." आवाज पत्र्यावर वाळू घासावी तसा. "आता माजी जीब तू."

वीस वर्षं त्याने दोन एकर शिराझ द्राक्षं जपली. आजूबाजूच्यांनी वाइनची द्राक्षं कधीच काढून टाकली, खायची लावली, बेदाण्याची लावली, ऊस तर आहेच. हा एकटा म्हणत राहिला, माझी वाइन ऑस्ट्रेलियाच्या तोडीची आहे. महाबळेश्वरच्या हॉटेलांत थोडी खोकी जायची. पिणारे म्हणायचे, लय भारी. लय भारी म्हणजे चव नव्हे. वीस वर्षांत एकाही माणसाने त्याला खरं काय ते सांगितलं नाही. आणि मला त्याने कधी विचारलं नाही, मीही चाखली नाही. भावाच्या घरी गेलं की चहा मिळायचा.

आता प्रश्न यशराजचा, त्याच्या मुलाचा. तो बाग पुढे चालवायला तयार आहे, बापासाठी. हंबीरला तेच नको आहे. वाइन खरोखर चांगली असेल तरच पोराने तिच्यामागे आयुष्य घालावं. नाहीतर बाग उपटावी.

"माजा हट्ट त्याच्या गळ्यात नगो. तू घेतला म्हनलीस तर बाग ऱ्हाईल. परत म्हनलीस तर काडू. तू कुनाचं तोंड बगून कॅन घेत न्हाईस."

ते खरं आहे. दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली, आणि तिथलं पहिलं यंत्र म्हणजे नाक. कॅनचं झाकण उघडायचं, हुंगायचं. आंबूस, धुरकट, गोठ्याचा वास — खडूने फुली, कॅन परत. चांगलं असेल तर बरोबरची खूण, कॅन घेतला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी हंबीरचे दोन कॅन सगळ्यांसमोर परत पाठवले. सायकलला लावून तो ते तसेच घरी घेऊन गेला. आमचे वडील, दादा, वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. हंबीर दुसऱ्या दिवशी कॅन राखेने घासून आला आणि झाकण माझ्या नाकापुढे धरलं. "हं. बग आता."

मी बरोबरची खूण केली. राखेने घासलेला कॅन होता तो. बहिणीने घेतलेला नव्हे.

१४ जानेवारी

संक्रांत. बयाबाई भांडी घासायला आली ती तिळगूळ घेऊन. "गोड बोला" हे माझ्याकडे बघून, जरा थांबून म्हणाली. आगाऊ बाई.

१५ जानेवारी

पहिली. कुनावारा भागातली, कॅबर्ने द्राक्षाची.

मेजरांचा मेसमधला पेला काढला. यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली, पेला अजून त्यांचाच. वाइन प्यायला त्यांनी शिकवली, काटा-चमचा धरायला पाचगणीच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी. साताऱ्यात दोन्हींचा उपयोग झाला नाही.

रंग करवंदाच्या रसाचा. नाकाला आधी निलगिरी! पाचगणीला सर्दी झाली की सिस्टर रुमालावर दोन थेंब टाकून द्यायची, तीच. मग करवंद. मागे जुनी देवदारी पेटी उघडल्याचा वास. जिभेला कोरडी, कच्चट जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते तशी ओढली. पण सरळ उभी राहणारी वाइन. पेला ठेवून देवापुढे दिवा लावून आले तरी घशात होती.

हंबीरला फोन केला. "घेतला."

"बरं. आजून काय?"

"थोडी शिष्ट आहे. ताठ मानेची."

"मंग तू घेनारच की. तुजीच भैन ती."

एवढं बोलून दमला. फोन यशराजने ठेवला.

१९ जानेवारी

दुसरी. बरोसाची शिराझ. लेबलावर सोनेरी पदकं छापलेली, एकापुढे एक. झाकण फिरकीचं आणि सैल, हात लावताच उघडलं. कस्टमवाल्यांनी हुंगून बघितली असेल, त्यांना तेवढंच काम.

सुरुवात छान. काळी मिरी, पिकलेलं जांभूळ, आणि तापलेल्या अंगणात सडा घातल्यावर येतो तो मातीचा वास. मी खूश झाले. मग घोट घेतला. पुढे मिरी, आणि मध्ये काहीच नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. शेवटाला हिरवा कडवटपणा, द्राक्षाची देठं चावल्यासारखा, आणि त्या कडवटपणावर लाकडाचा वास चोपडलेला. झाकण सैल होतं म्हणून बिघडली असेल, असं स्वतःला म्हणून पाहिलं. पण हवा लागून दारू आंबते, हिरवी होत नाही. हे द्राक्ष पिकायच्या आधी तोडलेलं आहे. पहिली बाटली म्हणजे माणूस. ही माणसाचा खुंटीवरचा कोट.

लेबलं बघून भुलणारे भुलोत. मी फोन केला.

"परत."

हंबीर म्हणाला, "नाकाला कशी हाय?"

"नाकाला चांगली. तिथेच फसवते."

"जिबंला?"

"पोकळ. मध्ये खड्डा."

"आन् शेवटाला?"

"हिरवी. कुणीतरी घाबरून तोडलीय. आणखी थोडे दिवस वेलीवर ठेवायची हिंमत झाली नाही. मग झाकायला लाकूड घातलं. पदकं कुणी दिली यांना? ऑस्ट्रेलियातही अवकाळी येतो का रे?"

मला वाटलं फोन तुटला. मग खोकला ऐकू आला, बराच वेळ. मग म्हणाला, "तिकडं बी येत आसंल, आक्का."

"येईना का. धीर धरायचा."

"मातीचा वास कसा हुता म्हनलीस?"

"माती चांगली आहे. माती काय करणार, माणूस भित्रा असेल तर."

"व्हय," म्हणाला. "त्ये बी खरं."

परक्या बाटलीचं याला एवढं काय पडलंय कोण जाणे. पहिलीचं एवढं विचारलं नव्हतं.

संघात परत केलेलं दूध मी कधी गटारात ओतू दिलं नाही. मालकाचं दूध मालकाकडे, त्याचं तो बघेल. पण हे कुठे परत पाठवू, बरोसाला? मोरीत ओतली. सगळी.

२० जानेवारी

मोरीला अजून वास. बयाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "बाई, काडा सांडलाय व्हय? माजं तर डोस्कं भनानलं." मी म्हटलं, परदेशी काढा आहे, पदकं मिळालेला. "मंग सांडला का?"

२५ जानेवारी

तिसरी. मॅक्लारेन व्हेलची शिराझ. साडेचौदा टक्के अल्कोहोल, आणि ते लपवत नाही. वरातीतला बँड. गुऱ्हाळावरची काकवी, कोको, पिकून फुटलेलं अंजीर, सगळं एकदम आणि मोठ्याने. अर्ध्या पेल्यालाच गाल तापले. मला असा आरडाओरडा आवडत नाही, पण बँड सुरात होता. पहिली वाचावी लागते, ही नुसती ऐकावी. दुसरीचं नाव नको.

फोन यशराजने घेतला. आबा झोपलेत म्हणाला.

"सांग त्याला, तिसरी घेतली."

"सांगतो. आत्या —"

"काय?"

"दुसरी अगदीच परत का? म्हणजे, थोडी तरी..."

"कॅन थोडा घेता येत नाही. घेतला नाहीतर परत. बापाला विचार."

"त्यांना कशाला विचारू," म्हणाला आणि फोन ठेवला. कृषी महाविद्यालयात शिकला, पण फोनवर धड निरोप घेता येत नाही.

२८ जानेवारी

आष्ट्याला जाऊन आले. पेठ नाक्याला एसटी बदलताना गुडघा दुखावला, तो वेगळा.

हंबीरची खाट खिडकीशी लावलीय, बाग दिसेल अशी. बघण्यासारखं काही नाही. तो आजारी पडला म्हणून ऑक्टोबरातली छाटणी झालीच नाही, त्यामुळे घड नाहीत. नुसता पाला माजलाय. त्याचा हात हातात घेतला. छाटून बांधावर टाकलेली काडी हलकी असते, तेवढा.

दस्तगीर बसले होते. हंबीरच्या वाइनच्या स्टीलच्या टाक्या त्यांनी बनवलेल्या. खाटेजवळ स्टुलावर, टोपी गुडघ्यावर. "मॅडम, मी वीस वर्सं ह्यास्नी सांगतोय, टाकी माजी, आत काय भरता ते तुमचं तुमी बगा. वर गेल्यावर मला इचारलं तर मी म्हननार, मी पानी भराय दिली हुती."

हंबीर हसला. हसण्याचा खोकला झाला. दस्तगीर टोपीकडे बघत राहिले, यशराज खिडकीबाहेर. मी भांडं धरलं.

जरा बरं वाटल्यावर म्हणाला, "चौथी कवा?"

"परवा."

"हिकडं बगू नगो. माजं तोंड बगून सांगू नगो."

मी उठून पाणी आणायला गेले. पाणी तिथेच होतं.

३० जानेवारी

सुतळी सोडली. कागद तसाच ठेवला. मेजरांचा पेला पुसून पुढे ठेवला. मग फोन उचलला.

"हंबीर, घेतला."

बूच अजून बाटलीतच होतं.

झाकण न हुंगता मी आयुष्यात एक कॅन घेतला नाही. कलेक्टरच्या मेव्हण्याचाही नाही. हा घेतला. आष्ट्याला जायला निघाले तेव्हापासून, नाही, त्याचा हात हातात घेतला तेव्हाच ठरलं होतं. त्याला ती बाग हवी तेवढे दिवस खिडकीतून दिसू दे. पुढचं यशराज बघेल.

मला वाटलं तो विचारेल. नाकाला कशी, जिभेला कशी. मी वाक्यं तयार ठेवली होती. त्याने काहीच विचारलं नाही. "बरं, आक्का," म्हणाला. "लय बरं."

पाचगणीला खोटं बोललं की सिस्टर जीभ साबणाने धुवायला लावायची. साठ वर्षांनी तोंडात तो साबण आला.

मग बूच काढलं. खोटं बोललोच आहोत तर कशाबद्दल बोललो ते बघू.

आणि काय सांगू! मिरी, जांभूळ, खजूर, ओल्या चामड्याचा हलका वास. जिभेवर भरून राहते, मध्ये कुठे खड्डा नाही, पाय टाकावा तिथे पायरी. शेवट कॅबर्नेपेक्षाही लांब. चारांत सरस, ओढूनताणून नव्हे, सहज. मी ओट्याशी उभी राहून पेला संपवला आणि दुसरा भरला. खोटं बोलले ते खरं निघालं. असं कधी कुणाचं होतं का?

परत फोन लावला. आबा झोपलेत, यशराज म्हणाला. मग त्यालाच सगळं सांगितलं, घोटाघोटाने. म्हटलं, सांग बापाला, बरोसावाल्यांना घरी पाणी भरायला लावेल असा माल आहे.

"सांगतो," म्हणाला. एवढंच. आनंद म्हणून काही नाही त्या पोराला.

३१ जानेवारी

झोप लागली. पुष्कळ दिवसांनी.

९ फेब्रुवारी

हंबीर काल गेला. पहाटे, खिडकीकडे तोंड करून. यशराज जवळ होता. मी साताऱ्यात होते.

माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. हा क्रम चुकलाय. कुणाकडे तक्रार करायची?

१७ फेब्रुवारी

कृष्णेच्या घाटावर दहावा. बायका येत नाहीत म्हणे. मी गेले, कुणी अडवलं नाही.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले, एक खाली येईना. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, बोला, वचन द्या, असं भटजी म्हणाले. चुलतभावांनी सुरुवात केली. पोराचं लग्न थाटात करू. कावळा नाही. सोनियाचं माहेर तुटू देणार नाही. नाही. ऊन चढलं. लोक मोबाइल बघायला लागले.

माझा या कशावर विश्वास नाही. तरी पुढे झाले. "हंबीर," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाग ठेवतोय आपण. तुझी वाइन मी घेतलीय."

एक कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

मग यशराज आला. ओल्या धोतरात, हात जोडून. हळूच म्हणाला, "आबा, बाग काढतो. गुरुवारी जेसीबी सांगितलाय."

कावळा आला. एक नाही, तीन आले.

त्यांना भूक लागली असेल. तेवढ्यात यशराजने तोंड उघडलं, एवढंच. पण लोकांनी सुस्कारा टाकला, आणि मला राग आवरला नाही.

"कुणाला विचारून काढतोस?"

"आबांनीच सांगितलंय."

"मी घेतला म्हटल्यावर?"

"त्याच्या आधी." आणि तो पत्रावळी गोळा करायला वाकला.

त्याच्या आधी! म्हणजे मी चौथी बाटली उघडायच्या आधीच बाग काढायचं ठरलं होतं. मग मला कशाला बसवलं चव घ्यायला? मी त्याला घाटावर, सगळ्यांसमोर बोलले. मेलेल्या बापाच्या तोंडी आपल्या सोयीचे शब्द घालू नकोस म्हटलं. उसाची हाव सुटलीय म्हटलं. आणखीही बोलले. तो ऐकत होता. सोनिया रडत होती, पण तिनेही मला थांबवलं नाही, आणि त्याची बाजूही घेतली नाही.

२० फेब्रुवारी

गुरुवार. मशीन आलं असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

यशराज आला. सोनिया बसली होती त्याच खुर्चीत बसला, पण चहा पूर्ण प्यायला. मग म्हणाला, "आत्या, पदकांच्या बाटलीत आबांची होती. कागदातली बरोसाची. आबांनी स्वतः समोर बसून ताईकडून दोन्हींची अदलाबदल करून घेतली."

"का?"

"म्हणाले, आक्काच्या नाकावर माजा इस्वास हाय, जिबंवर न्हाई. मी मरायला लागलोय, आता ती खोटं बोलंल."

मी विचारलं, द्राक्षं लवकर तोडली होती का?

"हो. अवकाळीचा अंदाज होता."

"आला का?"

"नाही आला."

जाताना दारात थांबला. "त्यातली थोडी उरली असेल का, आत्या? आमच्याकडं थेंब नाही."

मोरी घासून महिना झाला.